बिननंबराचा वण

आमच्या शेजारच्या मलकप्पाअण्णांकडं पाहुणा आला, की पाण्याचा तांब्या यायच्या आधी अण्णांचा सदरा निघायचा. पाहुणा बिचारा सोयरीक घेऊन आलेला असो की बैलजोडी बघायला, त्याला आधी अण्णांच्या अंगावरचे वण बघावे लागत. वण नऊ, आणि प्रत्येकाला नंबर. "होशियार!" असं कवायतीतल्यासारखं ओरडून अण्णा छाती काढायचे आणि विचारायचे, "बोला, कुठला सांगू? तीन नंबर का सात नंबर?"

मी लग्न होऊन उदगीरकडून कोहिनूर गावात आले, तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि अण्णांना साठी जवळ आली होती. तरुणपणी ते सरकारी रिसाल्यातून, म्हणजे घोडदळातून, आगबोटीत बसून मिसर देशातल्या लढाईला गेले होते. माझी हळद उतरायच्या आत त्यांनी मला बोलावून चार नंबर ऐकवला. खांद्यावरचा. तुर्काच्या तलवारीचा वार! मी आपली डोळ्याला पदर लावून रडले. पुढच्या बाजाराच्या दिवशी तोच चार नंबर पटवाऱ्यांना सांगताना बंदुकीची गोळी झाला, आणि संक्रांतीला व्याह्यांपुढं भाला.

मी मुळातच फटकळ. विचारलंच, "अण्णा, चार नंबर एकच हाय न्हवं? मग हत्यारं कामून बदलायलाव?"

"अगं सुभद्रे, लढाई हाय ती! एका जागी तिघंबी मारतेत. समझे क्या नै?"

'समझे क्या नै' म्हटलं की विषय संपला.

खरं काय ते मला त्यांच्या थोरल्या बहिणीनं सांगितलं. चन्नक्का लहानपणी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. भाऊ-बहीण दोघंच घरात. ज्वारी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "कुठला तुर्क आन् कुठली तलवार! घोडे राखायला व्हता ह्यो. चार नंबर घोडा चावलाय. बाकीच्या लाथा हायत."

देवाशप्पथ, मी हसून हसून सुपातली ज्वारी सांडली. त्या दिवसापासून अण्णांनी पाहुण्यापुढं "होशियार!" म्हटलं, की मी कुंपणाच्या अलीकडून घोड्यासारखी खिंकाळायची. अण्णा तिकडून ओरडायचे, "दिवानी हाय ही पोरगी! हिच्या नवऱ्याला सांगा कुणीतरी!" पण दुसऱ्या दिवशी हुरडा पाठवायचे तो माझ्याच घरी.

एक दहावा वणही होता. डाव्या भिवईवर, नखाएवढा, अर्ध्या चंद्रासारखा. त्याला नंबर नव्हता. कुणी विचारलं तर "ते कायबी न्हाई" म्हणून अण्णा डोक्याचा रुमाल खाली ओढायचे. मात्र एकटे बसले, की त्यांचं बोट हटकून तिथं जायचं आणि त्या रेषेवरून हळूहळू फिरायचं. मला वाटायचं, खाज सुटत असेल.

मग एका दुपारी अण्णा माझ्या दारात उभे. सदरा अंगात, तोंड उतरलेलं.

"सुभद्रे, आरसा हाय का गं?"

मी लग्नातला आरसा दिला. ते उजेडात गेले, भिवई ताणली, सोडली, परत ताणली. मग आरसा मला देऊन म्हणाले, "तुझी नजर चांगली हाय. हितला वण दिसायलाय का बघ."

मी बघितलं. कपाळभर सुरकुत्या, भिवईचे केस पांढरे होऊन वाढलेले. वण काही सापडेना. मी काय बोलून गेले, तर म्हणे, "जाऊ द्या की अण्णा, एक गेला तर नऊ हायत अजून!"

अण्णा हसले नाहीत. 'दिवानी' म्हणाले नाहीत. पायरीवर टेकले आणि उठून गेले. नंतर आठ दिवसांत दोन पाहुणे येऊन गेले, पण 'होशियार' काही ऐकू आलं नाही. मी चन्नक्काला गाठलं.

"ती खूण गंगव्वानं केल्याली हाय," चन्नक्का म्हणाली.

गंगव्वा म्हणजे अण्णांची बायको. तिचं नाव मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं.

"शेंगाच्या रानात खुरपायलो व्हतो. ह्यानं तिला कायतरी चिडवलं. तिनं भ्या दावायला खुरपं भिरकावलं, ते बसलं भिवईवर! रगत बघून तीच रडायली आन् ह्यो हसायला. मग ह्यो लढाईला गेला. म्हयन्याभरात गोंदणारीण आली. तिला अक्षरं येत व्हती. समद्या सुना नवऱ्याचं नाव गोंदून घ्यायल्या. तिच्या तोंडून नाव कसं निघंल? म्हणून मी सांगाय लागले, तर माझं तोंड धरलं तिनं. म्हणली, 'नगं अक्का. गावात ह्या नावाचे चार हायत. ही खूण एकाचीच हाय.' आन् मनगटावर बोटानं अर्धा चांद काढून दावला. तेवढंच गोंदलं."

"मग अण्णा काय म्हणाले बघून?"

"बघितलंच न्हाई त्यानं. तीन वर्सांनी आला. तवर साथीच्या तापात ती गेली."

मी कुंपणाशी खिंकाळत होते तेव्हा हा माणूस हे सगळं पोटात घेऊन बसला होता. मला माझीच लाज वाटली.

आमच्याकडं सगळ्या बायका मानतात, की मरताना अंगावरचं सोनं इथं उतरवून घेतात, गोंदण तेवढं आपल्यासंगं वर येतं. अण्णा हे बायकांचं खूळ म्हणून टवाळी करायचे. मी सरळ जाऊन विचारलं, "अण्णा, वण गेला म्हणून एवढं काय लावून घेतलंव?"

ते भिंतीकडं बघत बोलले. "मी गेलो तवा मिशी काळी कुळकुळीत व्हती. आता असं थेरडं तिच्यापुढं जाऊन हुबं राहिलं तर वळखील का ती? आन् वळखलं न्हाई तर नाव घेऊन इचारायचीबी न्हाई. जल्मात कधी नाव घेतलं न्हाई तिनं. ती खूण घेऊन बसली आसंल तिथं, आन् माझी खूणच गेली."

पुढच्या आठवड्यात गोंदणारीण गावात आली, तशी मी तिला हाताला धरून अण्णांच्या अंगणात आणली. ती म्हातारी आधी हसलीच. "मिशीवाल्या बाप्याच्या भिवईवर? मारुती गोंदवतेत दंडावर, हे काय नवीन?" गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून जमा झाल्या. "मी हलणार न्हाई," अण्णा म्हणाले आणि पाटावर ताठ बसले.

अडचण निराळीच निघाली. वण नेमका कुठं होता, आणि चंद्राचं तोंड कुणीकडं? मी हरले. चन्नक्काला मोतीबिंदू, तिला चुलीतला जाळ धड दिसत नव्हता. अण्णांनी डोळे मिटले. गोंदणारणीचं बोट हातात घेतलं आणि भिवईवरून फिरवलं. "हितनं निघायचं. असं वर. आन् हितं थांबायचं." कुठं थांबले नाहीत, चुकले नाहीत.

पहिली सुई टोचली आणि नऊ जखमांचा तो शिपाई "आई गंऽऽ" करून असा ओरडला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मला राहवेना. "अण्णा, तुर्काची तलवार बरी म्हणायची मग!"

"गप बस, दिवाने!" ते ओरडले, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तो शब्द ऐकायला मी किती दिवस तरसले होते!

गोंदणारीण हळद लावून गेली, बायका पांगल्या. अण्णांनी माझा आरसा मागून घेतला. खूप वेळ बघत राहिले. मग चन्नक्काच्या पुढ्यात जाऊन बसले आणि भिवई पुढं केली.

"अक्का, अशीच व्हती का गं तिच्या हातावर?"

चन्नक्काला दिसत काहीच नव्हतं. तिनं हात लांब करून त्यांचं तोंड चाचपलं. सुजलेल्या भिवईवर बोट टेकलं, तसं माझ्याच अंगावर काटा आला. अण्णा मात्र हूं की चूं करेनात. बोट एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं.

"व्हय रे मल्लू," ती म्हणाली, "हीच. अगदी हीच."

एकेक वण साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा सांगणारे अण्णा त्या दिवशी इतकं हळू बोलले, की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"आता नाव न्हाई घेतलं तरी चालंल तिनं."