एक हजार नऊ जणांची न्याय्य वाटणी

जगात कोणत्याही गोष्टीचे सारखे वाटे करता येतात. फक्त ती जिवंत नसावी आणि तिची संख्या मूळ नसावी. छप्पन साली हैदराबाद राज्य मोडून तीन राज्यांत घालायचं ठरलं, तेव्हा शहरातल्या कोठी भागातल्या आमच्या खात्यावर ही दोन्ही संकटं एकदमच आली. खात्यात माणसं होती एक हजार नऊ. (शिरगणती पुन्हा पुन्हा झाली. दर वेळी चहा मिळाला.)

कोणी रुसू नये म्हणून तीन सारखे वाटे करावेत, असा वाटणी समितीचा उदात्त निर्णय होता. तिनाने भाग जाईना. अध्यक्ष एकनाथरावांनी धीर न सोडता पाचाने, साताने, अकराने भागायला लावलं. राज्यं तीनच होती, पण प्रयत्नांत कसूर नको. एकतिसाने भागून झाल्यावर मुकुंदराव नावाचे गणित शिकलेले सदस्य म्हणाले, "आता थांबूया. बत्तिसाचा वर्ग हजाराच्या पुढे जातो. इथवर भाग गेला नाही, म्हणजे कधीच जाणार नाही. ही मूळ संख्या आहे."

"कोणाच्या आदेशाने?" एकनाथरावांनी विचारलं.

समितीने अहवालात लिहिलं की, सदर संख्या एक आणि स्वतः यांखेरीज कोणालाही जुमानत नाही, सबब ती एकात्मतेला मारक आहे. (नाचणारे निर्दोष होते. अंगणच वाकडं.) दोन माणसं वाढवावीत, तर भरती बंद. एक कमी केला की मात्र एक हजार आठ उरतात. काय ती संख्या! दोन, तीन, चार, सात, नऊ, कोणीही यावं आणि भाग घेऊन जावं. साधुमहाराजांच्या नावामागे हीच लावतात, ते उगाच नव्हे.

राहता राहिला तो एक. प्रत्येकाला घरची भाषा विचारून मराठी, तेलुगू, कानडी अशा तीन रकान्यांत बसवणं चालू होतं. शिपाई उमाजी कचेरीच्या मागल्या खोलीत बायको मालनबाईसह राहायचा. नोकरी होती म्हणून खोली होती. त्याची पाळी आली.

"मालनबाईसंगं मराठी, साब. बेगम बाजारात तेलुगू. आईसंगं कानडी."

"एक काहीतरी सांग."

"एक सांगितली तर बाकीच्या दोन झूट होतात की, साब."

तिन्ही रकान्यांत बसणारा माणूस एका रकान्यात घालणं हा उरलेल्या दोन राज्यांवर अन्याय झाला असता. समितीने तो होऊ दिला नाही. उमाजीचं नाव खाली लिहिलं: बाकी एक.

"मग मी कुठं जाऊ, साब?"

"बाकी कुठं जात नसते," एकनाथराव समजुतीने म्हणाले. "ती खालीच राहते."

निरोप समारंभ थाटात झाला. तीनशे छत्तीस, तीनशे छत्तीस, तीनशे छत्तीस. मुकुंदरावांना हार घातला गेला. खुर्च्या उमाजीनेच मांडल्या, आणि संध्याकाळी खोलीची किल्ली जमा केली.

चोखंदळ वाचकांनी एव्हाना एक हजार नऊला निदान तेराने तरी भागून पाहिलंच असेल. हिशेब बरोबर आहे. उमाजी आणि मालनबाई त्या रात्री कुठं गेले, हे काही तुमच्या मनात आलं नाही. हरकत नाही. समितीत एक जागा रिकामी आहे.