सामंतांच्या हॉलमधलं इंग्लंड

डिसेंबरात आमची शारजा खिडक्या उघडून बसते. वर्षातून तेवढीच एसीला सुट्टी. अशा दिवसांत शेजारच्या सामंतांचा एसी सोळावर घरघरतोय आणि दार उघडायला स्वतः स्वेटर, मफलर, माकडटोपी घालून येतायत, म्हटल्यावर कुणालाही संशय येईल की नाही, तुम्हीच सांगा.

आमच्या इमारतीच्या रखवालदाराला तर भलताच आला. लिफ्टपाशी मला म्हणतो, "मॅडम, अंदर कुछ रखा है. ठंडे में रखने वाली चीज." मी म्हटलं, "अरे, बीवी गुजर गई, अकेला आदमी, क्या रखेगा?" म्हटलं खरं, पण माझाही जीव राहीना. रोल्लाच्या बाजारातून डिंक आणून लाडू वळले होते, तेवढं निमित्त पुरलं. गेले डबा घेऊन.

सामंत एसीच्या सुट्या भागांच्या कंपनीत स्टोअरकीपर. गडी मुळात संशयी. बिनसाखरेचा चहा दिला तरी आधी ढवळून बघणार. रेडिओवर तापमान सांगितलं की, "ऐकावं जनाचं, बघावं पाऱ्याचं," म्हणत बाल्कनीतल्या थर्मामीटरकडे जाणार. त्या दिवशी एक थर्मामीटर हॉलमध्येही लटकत होता. खाली वही.

"आमच्या लेकीकडे, मृणालकडे, इंग्लंडात बर्फ पडतोय, वहिनी," सामंत म्हणाले. " असला डिसेंबर तिकडच्या म्हाताऱ्यांनाही आठवत नाही म्हणे. हीटर तरी लावते की नाही, कोण जाणे."

वहीत दोन रकाने. एकावर 'मृणाल म्हणाली', दुसऱ्यावर 'खरं'. दुसऱ्यात रोजचे आकडे, उणेसुद्धा. पहिल्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: मस्त.

त्यामागे कारण आहे. मंदी आली तेव्हा मृणाल नवऱ्याबरोबर दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहायची. जावयाची नोकरी गेली. चार महिने पोरगी दर शुक्रवारी बापाला सांगायची, "बाबा, मस्त चाललंय." सामंतांना कळलं ते थेट घर रिकामं करताना. कपाट उचलायला एक माणूस कमी पडला, म्हणून बोलावलं. मग ती दोघं गेली इंग्लंडला, आणि सामंतांचा 'मस्त'वरचा विश्वास गेला. पोरीच्या मनाचं काही कळत नाही. तिच्या गावाचं तापमान तेवढं इंटरनेटवर कळतं.

वर्षं गेली. मग एका जुलैत इंग्लंडात पाऱ्याने चाळिशी ओलांडली, कधी नव्हे ती. आणि सामंतांचा एसी गप्प झाला. आता मात्र मी घाबरले. शारजातला जुलै म्हणजे काय चेष्टा आहे?

दार उघडलं. गंजीफ्रॉक घामाने चिकटलेला.

"बरोबर चाळीस," म्हणाले.

"अहो, मराल."

"तिच्याकडे एसी नाही. दुकानात पंखेसुद्धा संपलेत. आणि सकाळी म्हणते काय, मस्त."

"तुम्ही उकडून घेतलंत म्हणून तिला गार वाटणार आहे का?"

"नाही. पण मला कळेल तरी."

तेवढ्यात तिचाच फोन आला. स्पीकरवर टाकला.

"बाबा, कसे आहात?"

"मस्त," सामंत म्हणाले. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

माझ्याच्याने राहवेना. "खोटं बोलतायत गं. तू उकाड्यात म्हणून एसी बंद करून बसलेत. तेव्हा बर्फात तू होतीस, तर इथे सोळावर कुडकुडत होते."

 

"बाबा," ती म्हणाली, "एसी लावा आधी. मला खूप उकडतंय. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. खूप कंटाळले हो मी."

"हं," सामंत म्हणाले. "ओला पंचा घे डोक्यावर. मी आहे लाइनवर."

बोलता बोलता वही ओढली, पहिल्या रकान्यात 'खूप उकडतंय' लिहिलं, दुसऱ्यातल्या आकड्याकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "जुळलं, वहिनी."

मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. घाम आहे, म्हणाले. मीही जनाचं ऐकलं. पारा काही बघितला नाही.