तीन कुलपांचं कपाट

मुलांनो, डोळे मिटा आणि एक लाकडी कपाट समोर आणा. त्याला तीन कुलपं. आत कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, गोळ्यांची एकच बाटली. निजामाच्या राज्यातलं कुरुंदा गाव, दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. तापावरचं हे औषध कुठंच मिळेना. म्हणून वैद्य तातेराव, हकीम खाजा मिया आणि पलटणीतून परतलेले कंपाउंडर शंकरसिंग यांनी वैद्यक मंडळ काढलं. प्रत्येकाकडे एक किल्ली. नियम दोन: आजाऱ्याची वर्दी मंडळ येण्याच्या आदल्या दिवशी द्यायची, आणि तिघांनी एकाच वेळी ताप पाहिल्याशिवाय कपाट उघडायचं नाही.

दहा वर्षांच्या द्वारकेच्या आईला, सखुबाईला, एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप येई. त्याच तापानं गल्लीतली दोन माणसं गेली होती. द्वारका तापाच्या दिवशी वर्दी देई. मंडळ दुसऱ्या दिवशी येई, तेव्हा आईचं कपाळ गार.

"ताप कुठाय?" तातेरावांनी विचारलं.

"काल होता, वैद्यबाबा."

"कालचा ताप आज कसा बघावा, पोरी?"

वहीत नोंद झाली: रोग आढळला नाही.

मग द्वारकेनं बोटांवर दिवस मोजले आणि ताप नसलेल्या दिवशी वर्दी दिली. या खेपेला मंडळ आलं तेव्हा आई फणफणत होती. पण आधी हात कोणी धरायचा?

"नाडी वैद्याची," तातेराव म्हणाले.

"उमर माझी जास्त हाय. सरका बाजूला," खाजा मिया म्हणाले.

"आधी थर्मामीटर," शंकरसिंग म्हणाले. "पलटणीत असंच ऱ्हायतं."

वाद मिटेना. तिघं अंगणात डबक्याशेजारी बसून मंडळाचा तिसरा नियम लिहू लागले. डास त्यांना फोडून काढत होते. दिवेलागणीला नियम तयार झाला आणि सखुबाईला घाम फुटून ताप उतरला.

"न्हाई आढळला," शंकरसिंगांनी पुटपुटत वही मिटली.

पंधरा दिवसांत सखुबाईला उठून बसवेना. त्याच आठवड्यात तिन्ही जाणत्यांनीही अंथरूण धरलं. द्वारका तातेरावांच्या उशाशी गेली.

"किल्ली द्या, वैद्यबाबा."

"बैठक... झाली न्हाई." त्यांचे दात वाजत होते.

"मग चला बैठकीला."

किल्ली मिळाली. खाजा मियांनी कमरेची सोडून दिली. शंकरसिंगांनी तर उशाखालून आधीच काढून ठेवली होती.

तिन्ही कुलपं उघडून पहिली गोळी द्वारकेनं आईला दिली. मग बाटली घेऊन ती शंकरसिंगांकडे गेली. त्यांनी हात पुढं केला.

"थांबा, काका. बाकीच्या दोघांनी तुमाला कुठं बघितलंय?"

शंकरसिंगांनी डोळे मिटून घेतले. द्वारकेनं त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली, पाणी दिलं, आणि तिन्ही किल्ल्या आपल्या परकराच्या टोकाला घट्ट बांधून ती तातेरावांच्या घराकडे निघाली.