केवलराम गाडी पास करतात

केवलराम फुंडे यांना जुनी गाडी घ्यायची होती, आणि भिलाईत ज्यांना ज्यांना जुनी गाडी विकायची होती त्यांना केवलराम फुंडे नको होते. यात तसा दोष कुणाचाच नव्हता. तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये तयार रूळ तपासण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याच्यासमोर गाडी उभी करून 'कशी काय वाटते?' असं विचारणं हीच मुळात चूक. रुळावर केसाएवढी रेघ दिसली की तिच्याभोवती खडूने गोल काढायचा आणि रूळ बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. खडू शर्टाच्या खिशात कायमचा. लग्नाकार्यालाही तो बरोबर असे, आणि एकदा तर साडूच्या नव्या कपाटावर त्यांनी जेवणाआधीच दोन गोल काढून ठेवले होते.

गाठीला जमलेल्या पैशात नवी गाडी म्हटली तर फार तर तिचे आरसे आले असते. म्हणून जुनी, पण भरवशाची, असं ठरलं. उतईला एक गाडी पाहिली, तिच्या बोनेटखाली उंदराने धान साठवलं होतं. नापास. नंदिनी नगरला एक पाहिली, तिच्या दारांच्या फटींत चुनखडीच्या खाणीची पांढरी धूळ होती. तीही नापास. सिविक सेंटरजवळच्या एका डॉक्टरांच्या गाडीत तासभर शोधूनही काही सापडलं नाही, तेव्हा "हा माणूस काहीतरी लपवून राहिला," असं म्हणून केवलराम तडक ऑटोत बसले. डॉक्टर बिचारे किल्ली पुढे करून उभेच होते. "एक चक्कर तर मारून पाहा," असं ते म्हणत होते, पण चक्कर केवलराम कधीच मारत नसत. पाहणाऱ्याला चालवायची गरज नसते, असं त्यांचं म्हणणं.

इकडे मैनाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांची माय आमगावच्या पुढे खेड्यात राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वरून खुबा धरलेला. रेल्वेच्या डब्याची पायरी तिला चढवत नव्हती, आणि भाड्याची गाडी पाठवतो म्हटलं तर तिने निरोप धाडला होता, "भाड्याच्या गाडीत मानूस दवाखान्यात जाते. मले पोरीच्या घरी जायाचं हाय. पोरीच्या गाडीतच येईन." आता यावर कोण काय बोलणार? माय दिवसेंदिवस भिंत चाचपत चालू लागली होती, आणि मैनाबाईंना रोज घास गोड लागत नव्हता.

"अवो, तुमाले गाडी पाह्यजे का गाडीतले दोष पाह्यजेत?" एका सकाळी त्यांनी चहा ठेवता ठेवता विचारलंच.

"तुले नाई समजत मैना. चूक गाडी घेतली तं रस्त्यात बंद पडते. मायले घेऊन डोंगरगडच्या जंगलात बसशील का?"

"न घेतल्यापेक्षा तेथपर्यंत तं पोचीन."

केवलरामांनी चहा प्यायला आणि विषय बदलला. असे प्रसंग त्यांना चांगले हाताळता येत.

त्या रविवारी शामसुंदर मेश्राम नावाच्या गृहस्थांचा फोन आला. हे रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, मूळचे नागपूरकडचे, आता मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणारे. "गाडी दारासमोरच उभी हाय, पांढरी. मी पूजेले बसून राहिलो. तुमी तवर पाहून घ्या, मंग आत या, पोहे खाऊन बोलू." सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर नंबर, सगळं त्यांनी नीट सांगितलं.

मैनाबाई आणि दामिनी, म्हणजे त्यांची कॉलेजात जाणारी लेक, दोघीही निघाल्या. ऑटोवाल्याने स्ट्रीटच्या तोंडाशी थांबून विचारलं की कोणती गल्ली. पाटी बोगनवेलीत बुडालेली. "या टाउनशिपमंधी मले कोणी गल्ली सांगा लागत नाई," असं म्हणून केवलरामांनी बोट दाखवलं. टाउनशिपची गंमत अशी की एका स्ट्रीटमधली घरं दुसऱ्या स्ट्रीटमध्ये नेऊन ठेवली तरी घरातल्यांनासुद्धा कळायचं नाही. तेच फाटक, तोच पेरू, तीच पाण्याची टाकी. सांगितलेल्या नंबरसमोर पांढरी गाडी उभी होतीच.

"पापा, पहले बेल तो बजा लो," दामिनी म्हणाली.

"मालकासमोर गाडी पाहायची नसते. मालक बोलते अन् आपलं ध्यान भटकते."

आणि केवलराम कामाला लागले. एका खिशातून टॉर्च निघाला, दुसऱ्यातून लोहचुंबक. चुंबक पत्र्यावरून फिरवायचा, जिथे तो धरत नाही तिथे पोचा बुजवायला आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, तिथे गोल. डाव्या दारावर गोल, मागच्या मडगार्डवर गोल, बंपरवर दोन, छपरावर एक, तोही स्टुलावर चढावं तसं टायरवर चढून. बोनेट अर्धवट लागलं होतं. ते उचलून आत बराच वेळ पाहिलं, आणि एकही गोल न काढता खाली ठेवलं. थोड्या वेळात गाडी अंगभर देवी आल्यासारखी दिसू लागली.

इतक्यात एक माणूस स्कूटरवरून आला. स्टँड लावला, गाडीकडे पाहिलं, केवलरामांच्या हातातल्या खडूकडे पाहिलं. तोही प्लांटचाच, कोक ओव्हन विभागातला. त्या गोलांचा अर्थ त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"साहब, ये रिजेक्ट है क्या?"

"अभी चालू है. पर होगी," केवलराम त्याच्याकडे न पाहता म्हणाले.

"अच्छा हुआ आप मिल गए," असं म्हणून त्याने हात जोडले आणि स्कूटर वळवली. तेवढ्यात क्वार्टरचं दार उघडून एक तरुण माणूस गमछाने डोकं पुसत बाहेर आला. त्याचं नाव राजकुमार साहू. त्याने जाणारी स्कूटर पाहिली आणि "अरे भैया, रुको, गाड़ी देख तो लो," अशी हाक मारली. मग त्याची नजर स्वतःच्या गाडीवर पडली आणि हाक तोंडातल्या तोंडात राहिली.

"ये किसने किया?"

"मीच. तुमी शामसुंदरजींचे पोरगे का? पोहे तयार झाले का?"

नेमका तेव्हाच केवलरामांचा फोन वाजला. शामसुंदर. "अहो फुंडेसाहेब, कुठं हाय तुमी? पूजा झाली, पोहे थंडे होऊन राहिले. मी गाडीपाशीच उभा हाव."

"मीबी गाडीपाशीच उभा हाव."

"मले तं तुमी दिसून नाई राहिले."

केवलरामांनी आजूबाजूला पाहिलं. फोनवाला माणूस त्यांनाही दिसत नव्हता. दामिनीने बोगनवेल बाजूला करून पाटी वाचली आणि बापाला बोटाने दाखवली. शामसुंदर पुढच्या स्ट्रीटमध्ये होते. नंबर तोच, गल्ली दुसरी.

केवलरामांनी घाईघाईने रुमाल काढून एक गोल पुसायला घेतला. पण तो शाळेतला खडू नव्हता. रूळ उघड्यावर पावसात पडून राहिले तरी खूण जाऊ नये म्हणून बनवलेली मेणचट कांडी होती ती. गोल गेला नाही, पसरला. बशीची परात झाली.

राजकुमार ओरडला नाही, हे जास्त वाईट झालं. तो फाटकावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "अंकलजी, एक ही ग्राहक आया था महीने भर में. उसको आपने भगा दिया. अब शाम तक पूरे कोक ओव्हन को मालूम हो जाएगा. अब ये गाड़ी आप ही ले जाओ."

आवाज न चढवताही भांडण ऐकू जातं. शेजारचे जमले. सगळ्यांचं म्हणणं पडलं की राजकुमार बरोबर बोलतोय. केवलराम म्हणाले, मी भरपाई देतो, रंग करून देतो. तोपर्यंत शामसुंदर कपाळावर गंध घेऊन स्वतःची गाडी चालवत तिथेच हजर झाले, बरोबर डब्यात पोहे. भांडण तसंच ठेवून सर्वांनी एकेक घास खाल्ला. राजकुमारनेही खाल्ला. शामसुंदर म्हणाले, "माही गाडी तं पाहा. उगाच याच्यासोबत डोकं कावून लावता?" त्यांची गाडी खरंच झकपक होती, सीटवर मखमली खोळी, पुढे गणपती.

या सगळ्या गडबडीत मैनाबाई पुढे झाल्या. त्यांनी शामसुंदरांच्या गाडीचं दार उघडलं, एक हात खुब्यावर ठेवला, डोळे मिटले, आणि म्हाताऱ्या बाईसारख्या वाकून हळूहळू आत बसायला लागल्या. बसल्या खऱ्या, पण निघता येईना. सीट फारच खाली. दामिनीने हात धरून ओढलं तेव्हा बाहेर आल्या. मग त्या राजकुमारच्या गाडीकडे गेल्या. तसाच हात, तसेच डोळे मिटलेले. दार चांगलं ऐसपैस उघडलं, सीट खुर्चीएवढी उंच. बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

"हेच घेऊ," आतूनच म्हणाल्या.

"अवो, हिच्यावर गोल किती हाय, पाहून राहिली ना तू?"

"पाहून राहिली. गोल सारे बाहेरून हायेत. माय आत बसणार हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "अन् तुमी बोनेट उघडून इतका वेळ पाहिलं, तिथं गोल कावून नाई काढला?"

केवलरामांनी खडू खिशात ठेवला, पुन्हा काढला. रूळ तपासणारा माणूस तपासणीत खोटं बोलू शकत नाही, ही त्यांची जन्माची अडचण.

"इंजिन बराबर हाय," ते पुटपुटले.

"सुना? सबने सुना ना?" राजकुमार फाटकावरून उतरला. एकाएकी त्याची गाडी भिलाईतली एकमेव पास गाडी झाली होती. पण शेजाऱ्यांनी त्याला हवेत जाऊ दिलं नाही. एकेका गोलापाशी उभं राहून त्यांनी भाव उतरवला, आणि शामसुंदरांनी स्वतःची गाडी विकली जात नाही हे विसरून त्यात सगळ्यांत जास्त हौसेने भाग घेतला. शेवटी आकडा केवलरामांच्या आवाक्यात आला. राजकुमारने कागदपत्रं आणली, तीही केवलरामांनी उलटसुलट पाहिली आणि परत दिली. आता नाही म्हणायला काही उरलं नव्हतं.

"लो अंकलजी, एक चक्कर मार लो," असं म्हणून राजकुमारने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

केवलराम किल्लीकडे पाहत राहिले.

"चालवायची गरज नसते," ते म्हणाले. "पाहूनच समजते."

"घ्यायची म्हटल्यावर चालवा तं लागते ना," शामसुंदर म्हणाले.

"पाय दुखून राहिला."

"आत्ता तं टायरवर चढले होते, पापा," दामिनी म्हणाली.

केवलरामांनी खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं. "मले येत नाई. शिकाले गेलो होतो दोन डाव. मले भेव वाटते. एखादी गाडी पास केली असती तं चालवा लागली असती."

मैनाबाईंना हे ऐकून राग यायला हवा होता. इतके रविवार, इतके ऑटो, आणि तिकडे माय भिंती चाचपतेय. राग आलाही. पण नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून तो जास्त वेळ टिकला नाही, उलट हसूच येऊ लागलं.

"आणा इकडे किल्ली," त्या म्हणाल्या.

"तुले कायले?"

"लग्नाआधी बाबाचा ट्रॅक्टर मीच चालवत होती. धान भरून राइस मिलवर नेत होती. लायसनबी काढलं मांगच्या महिन्यात, दामिनी सोबत आली होती."

"मले कोणी सांगतलं नाई."

"तुमी गाडी पास कराची मी वाट पाहून राहिली होती. आधी सांगतलं असतं तं तुमी माह्यावरबी गोल काढले असते."

मैनाबाई पदर खोचून बसल्या. त्या गल्लीतून गाडी उलटी काढणं सोपं नव्हतं, एका बाजूला पेरू, दुसऱ्या बाजूला शामसुंदर. त्यांनी एकदा मागे पाहिलं आणि गाडी सरळ रेषेत बाहेर नेली. कशाला काही घासलं नाही. राजकुमारने स्वतःहून टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच रविवारी ते मायला आणायला गेले. माय दारातच गाठोडं घेऊन बसली होती. तिने गाडीवरून हात फिरवला, दिसत तर काही नव्हतं, आणि फक्त मुलीचा हात धरून सहज पुढच्या सीटवर बसली. अख्खं गाव पाहायला आलं होतं. मैनाबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते भरू दिले. केवलराम मागे, दामिनी आणि तांदळाच्या पोत्याच्या मध्ये बसले.

डोंगरगडच्या अलीकडे ते म्हणाले, "मैना, थांबव. डाव्या चाकातून आवाज येऊन राहिला." मैनाबाईंनी थांबवली. ते उतरले, वाकून पाहिलं, काही नव्हतं. पुढे राजनांदगाव यायच्या आधी पुन्हा थांबवली. पुन्हा काही नव्हतं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आता पक्का आवाज येऊन राहिला," तेव्हा मैनाबाईंनी गाडी थांबवली नाही.

"जवाई काय म्हणते वो?" मायने विचारलं. तिला कानानेही जरा कमीच ऐकू यायचं.

"काई नाई माय," मैनाबाई समोरच्या रस्त्याकडे पाहत मोठ्याने म्हणाल्या. "गाडी चांगली हाय म्हणते."

केवलरामांनी तोंड उघडलं, पुढे बसलेल्या दोघींकडे पाहिलं, आणि मिटलं.