किसनाची जागा

गयामावशी रिकाम्या जागेला नाक पुसायला सांगत.

विद्यापीठाच्या बालशिक्षण पदवीचे आमचे तास परभणीत शनिवार-रविवारी भरत. सराव पाठात एकीने ताई व्हायचं आणि बाकीच्यांनी सतरंजीवर मांडी घालून चार वर्षांची लेकरं. पिंगळीजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवणाऱ्या गयामावशी आम्हा सगळ्यांत मोठ्या. त्यांचा पाठ असला की सतरंजीचा खिडकीकडचा कोपरा मोकळा ठेवावा लागे.

"किसना, नाक पूस की रे," त्या कोपऱ्याकडे बघून म्हणत. मग उत्तर ऐकायला थांबत. आणि हसत.

भर दुपारी अंगावर काटा यायचा. जिंतूरची शबाना तर शपथेवर सांगे, "सतरंजी दबलेली दिसली मला. छोट्या मांडीएवढी."

"मग बस की त्याच्या बाजूला!" मी म्हणायचे.

"तूच बस. मला लग्न करायचंय अजून."

स्वतःच्या जागेचंही तसंच. दारालगतचा पहिला बाक मावशींचा. कुलूप उघडायच्या आधीच येऊन उभ्या. एकदा उशिरा आल्या आणि मी चुकून तिथे बसले होते. मान वर केली तर मावशी उंबऱ्यावर, पिशवी छातीशी धरून उभ्या. "या ना मावशी," म्हटलं तर पापणी लवेना. मी उठले तेव्हाच आत आल्या.

मावशींच्या शेवटच्या पाठाला बाहेरच्या परीक्षक येणार होत्या. त्यात नापास म्हणजे पदवी गेली. माझे वडील मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. घरातली पहिली पदवी काय असते ते मला ठाऊक. म्हणून विनवलं, "मावशी, आज तेवढं किसनाला बोलू नका."

"बरं गं बाय."

परीक्षक मॅडम आल्या आणि खुर्ची ओढत नेमक्या त्या कोपऱ्याकडे निघाल्या.

"मॅडम," मावशी पुढे झाल्या, "तिथं लेकरू बसलंय."

मॅडम वळून बघू लागल्या.

"कुणाचं लेकरू?"

"माझ्या अंगणवाडीतलं. आई-बापासंगं ऊस तोडायला गेलंय. फडात खेळत असंल आता."

"मग इथं जागा कशाला?"

"परत आल्यावर आपल्या जाग्यावर दुसरं कुणी दिसलं, की लेकरू दारातूनच माघारी जातंय. पुना येत न्हाई. म्हणून जागा धरायची सवय लावून घेतली, मॅडम. कुठं बी गेले तरी धरते."

"असं दारातून माघारी कोण गेलंय?"

मावशींनी हातातली कापडी बाहुली उगाच सरळ केली. "मी गेल्ते. आमचे आई-बाप बी उसालाच. पुना शाळंत बसले ती लगीन झाल्यावर."

मॅडमनी खुर्ची ओढली नाही. उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली.

"करा सुरू," त्या म्हणाल्या. "त्यालाही दिसू द्या."

मावशी कोपऱ्याकडे वळल्या. थांबल्या. हसल्या.

आणि शबाना, लग्न व्हायचं राहिलेलं असूनही, हळूच सरकून त्या कोपऱ्याशेजारी बसली.