संस्थेने फोडलेला पाइप

"उद्या देणगीदार पाहुणे येतायत, आणि त्यांना लोकसहभाग बघायचाय," मुख्य कार्यालयातून मॅडम फोनवर म्हणाल्या. "नाही दिसला, तर तुमच्या गावातलं काम बंद. आणि मग तुम्हीही..." पुढचं वाक्य त्यांनी सभ्यपणे गिळलं.

फोनच्या या टोकाला संस्थेने घाईघाईने 'हो मॅडम' म्हटलं. 'संस्था' हे काही त्याचं नाव नव्हतं. पण ग्रामविकासाचं काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेतर्फे तो गावात राहायला आला आणि गावाने त्याला तीच हाक लावली. "काय संस्था, जेवलात का?" "संस्था, दाढी वाढलीये हो!" माणसं प्रेमळ होती. घोडं अडायचं ते बैठकीपाशी. बैठक ठरली की वरची आळी विचारायची, "खालचे येणारेत का?" खालची आळी विचारायची, "वरचे येणारेत का?" उत्तर 'हो' आलं की दोन्हीकडून कोणीच फिरकायचं नाही.

त्याला कारण होतं एक दार. वरच्या आळीतल्या सुताराने केलेली चौकट खालच्या आळीतल्या गवंड्याने बांधलेल्या भिंतीत बसली नव्हती. भिंत वाकडी की चौकट, यावर आधी या दोघांचं फिसकटलं आणि मग त्यांच्यापाठोपाठ सगळ्या गावाचं. खरं तर गवंड्याची बायको ही सुताराची सख्खी बहीण. पण दाजी-मेव्हणे एकमेकांना पाहिलं की रस्ता बदलायचे.

दुसऱ्या दिवशी सार्वजनिक नळाजवळ सांडपाणी जिरवायचा खड्डा खणायचं ठरलं होतं. संस्थेने घरोघर निरोप दिले होते. सकाळी आल्या फक्त घरमालकीण काकू, त्याही चहा घेऊन.

"थांबा हो जरा. कुणालातरी विचारून खणा," त्या म्हणाल्या.

"विचारायला कुणी येतंय का, काकू?" असं म्हणून संस्थेने कुदळ उचलली. पाहुण्यांना निदान खड्डा तरी दिसेल, एवढाच त्याचा हिशोब. खड्डा गुडघाभर झाला आणि कुदळ कशावर तरी 'खण्ण' वाजली. त्याला वाटलं, दगड आहे. म्हणून त्याने पुढचा घाव अंगातला सगळा जोर एकवटून घातला.

पाणी सरळ आभाळात गेलं.

त्याने आधी तिथे हात दाबला, मग पाय, आणि शेवटी लाजलज्जा सोडून तो पाइपावरच बसला. पाणी आता चारी बाजूंनी उडू लागलं.

"अगं बाई, संस्थेने पाइप फोडला!" काकूंनी अशी आरोळी ठोकली की दोन्ही आळ्या हंडे-बादल्यांसकट धावत आल्या. कुणी कपाळावर हात मारला, कुणी संस्थेचा उद्धार केला. बायकांनी मात्र वेळ घालवला नाही. वाया जाणारं पाणी भरायला त्यांनी रांग धरली आणि भरलेल्या बादल्या हातोहात दोन्ही आळ्यांत जाऊ लागल्या.

सुतार लाकडाची पाचर तासू लागला. गवंडी खड्ड्यात उतरून चिखल उपसू लागला.

"संस्था, त्यांना सांगा, पाचर जाड होतेय," गवंडी म्हणाला.

"पाचर जाड होतेय म्हणतायत," संस्था बसल्या जागेवरून म्हणाली.

"त्यांना सांगा, भोक नीट मोजलंय मी!"

"भोक नीट मो..." संस्थेच्या तोंडात पाणी गेलं. खोकल्याची अशी ढास लागली की तो पाइपावरून बाजूला कलंडला आणि निरोप्याचं काम तिथेच बंद पडलं.

"अहो दाजी, धरा की नीट! निसटतेय!" सुतार ओरडला.

"धरलीये रे! तू ठोक, बोटं सांभाळून ठोक माझी!"

सगळ्या गावाच्या माना त्या दोघांकडे वळल्या. रांगेतल्या गवंड्याच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि हातातली बादली शेजारणीच्या पायावर ओतली.

नेमक्या त्याच वेळी मॅडम पाहुण्यांना घेऊन गाडीतून उतरल्या. समोर सगळं गाव कामाला लागलेलं. कुणी खणतंय, कुणी वाहतंय, बायका हुकूम सोडतायत, आणि मधोमध संस्थेचा कार्यकर्ता चिखलात मांडी घालून बसलेला. थोरल्या पाहुण्यांचा ऊर भरून आला.

"हे तुम्ही साधलंत कसं?"

संस्थेच्या अंगात खोटं बोलण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. "मी पाइप फोडला," तो म्हणाला.

"वा!" पाहुणे मॅडमकडे वळले. "किती मार्मिक बोलला हा! वर्षानुवर्षं तुंबलेलं मन याने मोकळं केलं!"

मॅडमनी उडणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, संस्थेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आमची कामाची पद्धतच अशी आहे."

गावातलं काम बंद पडलं नाही. खड्डा अर्धा झालाच होता, तो लोकांनीच पुरा केला. बैठकींना आता इतकी माणसं येऊ लागली की काकूंच्या ओटीवर चप्पल काढायला जागा उरेना.

मग एका सकाळी शेजारच्या गावाचे प्रमुख संस्थेकडे आले. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या. शेवटी ते जरा पुढे सरकून म्हणाले, "आमच्याकडेही दोन आळ्यांचं पटत नाही. तुम्ही याच एकदा."

"अहो, तो अपघात होता!" संस्था कळवळून म्हणाली.

"हो हो, आमच्याकडेही अपघातच करायचा," प्रमुखांनी समजूतदारपणे मान डोलावली. "फक्त आदल्या दिवशी कळवा. बायका पाणी भरून ठेवतील."