अक्कलदाढ सगळ्यात वर

वेब फॉर्म बनवणं म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मी ताईला छातीठोकपणे सांगितलं होतं.

ताईने नोकरी सोडून दातांचा दवाखाना काढला, तोही नेमका एका नावाजलेल्या दवाखान्याच्या समोर. पेशंट यायचे, ताईची पाटी वाचायचे आणि रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. बिचारी रोज खिडकीतून ते बघायची. तेव्हा तिच्या हुशार भावाने (म्हणजे मीच!) घरबसल्या वेळ घेण्याचा फॉर्म करून द्यायचं मनावर घेतलं.

"कोणता उपचार हवा ते पेशंटने यादीतून निवडायचं," मी म्हणालो. "आणि यादी थेट डेटाबेसमधून येणार. तू तिथे नवा उपचार भरलास की फॉर्मवर आपोआप दिसेल. मी हाताने एक अक्षर लिहिणार नाही."

"अरे, पण सगळ्यात वर 'कृपया निवडा' असं असतं ना?"

"ते हाताने लिहावं लागतं. आपल्याकडे तसलं चालत नाही."

सोमवारी सकाळी ताईने तातडीने बोलावलं. जाऊन बघतो तर दवाखाना खचाखच भरलेला! मी कौतुक झेलायला कॉलर नीट केली. पण ताईचा चेहरा काही कौतुकाचा नव्हता.

"आलेल्या प्रत्येकाने अक्कलदाढ काढायला वेळ घेतलीय," ती दबक्या आवाजात म्हणाली.

डेटाबेसने इमानेइतबारे यादी अकारविल्हे लावली होती, त्यामुळे 'अक्कलदाढ काढणे' सगळ्यात वर. ते आधीच निवडलेलं दिसल्यावर लोकांनी त्याला हातच लावला नाही. वर अक्कलदाढवाल्यांना आपोआप निरोप जायचा: पोटभर जेवून या, दोन दिवस रजा टाका, सोबत घरचं माणूस आणा. म्हणजे निम्मी गर्दी घरच्या माणसांचीच होती.

दात नुसते साफ करायला आलेले हेडमास्तर रजा मंजूर करून घेऊन बसले होते. पहिलीतली एक मुलगी आजीला घट्ट बिलगली होती. तिचे अजून दुधाचेच दात पडत होते. तिघेचौघे चुळबुळत समोरच्या दवाखान्याकडे बघायला लागले.

तेवढ्यात कोपऱ्यातले एक आजोबा उठले.

"डॉक्टरबाई, मला कवळी घट्ट करून हवी होती. तुम्ही अक्कलदाढ काढू म्हणता, तर काढा बापडी. फक्त आधी ती शोधून द्या."

सगळा दवाखाना हसला. त्या हशात ताईने एकेकाला नीट विचारून तपासलं, आणि एकही जण रस्ता ओलांडून गेला नाही. मला जरा हायसं वाटलं.

"आत्ताच्या आत्ता वर 'कृपया निवडा' घाल," ताई म्हणाली.

घालणं भागच होतं. पण तत्त्व ते तत्त्व. फॉर्मवर मी हाताने काहीच लिहिलं नाही. डेटाबेसमध्येच 'कृपया निवडा' नावाचा नवा उपचार भरला आणि अकारविल्हे क्रम मोडून त्याला पहिला क्रमांक दिला. तो दिमाखात सगळ्यात वर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. आवाज फार गोड होता. ताई गोड बोलायला लागली की मी आपोआप उभा राहतो.

"आज सहा जण 'कृपया निवडा' करून घ्यायला आलेत," ती म्हणाली. "ते भूल देऊन करायचं, की नुसतंच?"